आधी मैदान, मग मजले



वाहतूक हा मुंबईत रोजच्या वैतागाचा विषय आहे. बांधकाम हा पैशांचा विषय आहे. मोकळी जागा हा मात्र म्हाताऱ्यांचा आणि लहान मुलांचा विषय समजला जातो, म्हणजे ज्यांना आपल्याकडे कुणी विचारत नाही त्यांचा. महापालिकेतही या तिन्हींची खाती वेगळी: रस्ते खातं, इमारत प्रस्ताव खातं, उद्यान खातं. वाहतूक पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे, रेल्वे केंद्राकडे, मेट्रो आणखी कुणाकडे. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि प्रत्येक फाइल आपापल्या जागी नियमात बसणारी. मी नोकरीभर नगररचनेच्या नकाशांवर काम केलं. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे आणि आज तेवढंच तुमच्यापुढे मांडणार आहे. एखाद्या भूखंडावर किती मजले चढणार हे ज्या दिवशी ठरतं, त्याच दिवशी समोरच्या रस्त्यावर किती गर्दी होणार हे ठरतं, आणि शेजारच्या पोरांना खेळायला जागा उरणार की नाही हेही ठरतं. गर्दीचा बंदोबस्त करायला आपण निघतो वीस वर्षांनी. तेव्हा हातात पूल आणि सिग्नल एवढेच उपाय उरलेले असतात.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपण गिरणगावात बसलो आहोत.

सकाळी साडेनऊला करी रोडला उतरणाऱ्या लोंढ्याबरोबर लोअर परळच्या कार्यालयांकडे चालत जाऊन पाहा. जिन्यावर आपण चालत नसतो, मागची गर्दी आपल्याला पुढे नेत असते. रस्त्यावर आलं की फुटपाथ दिसतो, पण त्यावर विजेची पेटी, झाडाचा कठडा, ओळीने लावलेल्या मोटारसायकली, चहाची टपरी आणि कुठल्या तरी कामासाठी उकरून तसेच टाकलेले पेव्हर ब्लॉक. माणसं मग रस्त्याच्या कडेने चालू लागतात. तिथे शेअर टॅक्सीची रांग असते, म्हणून आणखी आत सरकतात, आणि शेवटी बेस्टची बस माणसांच्या मागून माणसांच्याच वेगाने येऊ लागते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही. वाजवला तरी बाजूला व्हायला जागा नाही, हे त्याला माहीत असतं. पुढे काचेच्या इमारतींची फाटकं लागतात. गाड्यांना आत यायला एक आणि बाहेर पडायला एक असे दोन रुंद उतार, तिथे सुरक्षारक्षक, आरसे, दिवे. चालत येणाऱ्यांसाठी बाजूला एक अरुंद दार. त्या इमारतीत काम करणारी बहुतेक माणसं त्या अरुंद दारानेच आत जातात.

इथे पूर्वी गर्दी नव्हती असं नाही. गिरण्या पाळ्यांत चालायच्या आणि पाळी सुटली की हजारो कामगार एकाच वेळी रस्त्यावर यायचे. पण कामगार राहत होता चाळीत, गिरणीपासून पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर. चाळीतली दाटी भयंकर होती, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं होती, आणि त्या हालांचं मला मुळीच कौतुक नाही. तरीही नगररचनेच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट विसरता कामा नये. काम आणि घर शेजारी असलं की एवढ्या मोठ्या वस्तीलाही कामावर जायला वाहन लागत नाही, हे गिरणगावाने कित्येक दशकं करून दाखवलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याची कहाणी या सभागृहात मी सांगणं बरं नव्हे. ती जगलेली माणसं इथे पुढच्या रांगेत बसली आहेत. संपानंतर एकेक गिरणी थंडावत गेली आणि प्रश्न उरला जमिनीचा. साधारण सहाशे एकर जमीन, मुंबई बेटाच्या मध्यावर, पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांच्या आसपास. कुठल्याही जुन्या शहराच्या पोटात एवढी जमीन एकदम मोकळी होणं ही फार दुर्मीळ गोष्ट.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी एक नियम होता. नियम ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे करायचे: एक शहराला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. मालकाच्या वाट्यालाही सोन्याच्या मोलाची जमीन येत होती, तेव्हा हा नियम अन्यायाचा होता असं कुणी म्हणू नये. या हिशेबाने सहाशे एकरांतून दोनशेच्या आसपास एकर मोकळी जागा मिळाली असती. शिवाजी पार्क सुमारे २७ एकरांचं आहे. सात शिवाजी पार्कं, तीही परळ-लालबाग-वरळीत.

नुसते वाटे करून भागणार नव्हतं, कारण प्रत्येक गिरणीच्या कोपऱ्यात एक तुकडा मोकळा सोडला तर त्यातून मैदान होत नाही. म्हणून राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल १९९६ चा. त्यात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून विचार केला होता. एका गिरणीची मोकळी जागा दुसरीच्या मोकळ्या जागेला जोडायची, स्टेशनांच्या आसपास चालणाऱ्यांसाठी ऐसपैस सार्वजनिक जागा काढायची, आणि उंच इमारती त्यांच्या कडेने न्यायच्या, अशी ती कल्पना. वाहतूक, बांधकाम आणि मैदान या तिन्हींचा विचार एकाच कागदावर केलेला असा अहवाल मुंबईत फार क्वचित झाला आहे. माझ्या पिढीतल्या नगररचनाकारांनी तो किती आशेने वाचला, ते आज सांगून खरं वाटणार नाही.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या पूर्ण जमिनीची करायची नव्हती, शेडखालची जमीन वगळून जी आधीपासून मोकळी होती तेवढ्याचीच करायची होती. हिशेब करून पाहा. समजा एक गिरणी पंधरा एकरांची आहे आणि बारा एकरांवर शेड, गोदामं, चिमणी, कचेरी असं बांधकाम आहे. जुन्या नियमाने शहराला पाच एकर मिळाले असते. नव्या नियमाने तीन एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे एक. आणि गिरण्यांचं बांधकाम तर भिंतीला भिंत लावून केलेलं असायचं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. तोवर महामंडळाच्या गिरण्यांचे लिलावही सुरू झाले होते. पुढे काय उभं राहिलं ते तुम्ही रोज पाहता.

गिरणीच्या फाटकाआतल्या फाइलीत यातलं सगळं नियमाप्रमाणे झालं. फाटकाबाहेर मात्र जुनेच रस्ते आणि जुनीच स्टेशनं राहिली. ज्या स्टेशनांवरून सकाळी लोक कामासाठी बाहेर जात, तिथे आता उलट दिशेने, विरार-कल्याणकडून हजारो माणसं कामाला येऊ लागली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर सकाळची गर्दी अडून राहते, हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रुंद पुलाची मागणी होत होती. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं पुलावर थांबली, खालून गाड्यांतून आणखी माणसं येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल खुला झाला. पाच महिन्यांत होऊ शकणारं काम होतं. त्या दिवशी लोकांनी पावसाला आणि रेल्वेला दोष दिला. माझ्या मते त्या अपघाताचा पाया २००१ च्या दुरुस्तीत घातला गेला, कारण स्टेशनाभोवतीची मोकळी जागा तेव्हाच हातची गेली. हे माझं मत आहे आणि मी ते जबाबदारीने मांडतो.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत आज जी मोठी मोकळी मैदानं आहेत ती कशी राहिली? आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज ही सगळी एका सलग पट्ट्याचे तुकडे आहेत. अठराव्या शतकात फोर्टच्या तटाबाहेर तोफेचा मारा मोकळा राहावा म्हणून कंपनी सरकारने घरं आणि झाडं काढून हा पट्टा रिकामा ठेवला. हेतू युद्धाचा होता. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापलं गेलं, त्याच सुमाराला तट पाडायचं काम चालू होतं. तट गेला, तोफा गेल्या, मैदान मात्र राहिलं, कारण ते आधीच मोकळं होतं आणि सलग होतं. दक्षिण मुंबईतली मुलं आजही त्यावर क्रिकेट खेळतात.

दुसरा दाखला दादर-माटुंग्याचा. १८९६ ला प्लेग आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढताना गरिबांची घरं पाडली आणि त्यांना पुरेशी घरं दिली नाहीत, हा दोष मोठा आहे. पण उत्तरेला दादर-माटुंग्यात काम करताना क्रम बरोबर राखला: आधी रस्ते, गटारं, झाडांच्या रांगा आणि बागा आखल्या, मग प्लॉट पाडले, मग इमारती. पाच बगीचे म्हणजे फाइव्ह गार्डन्स हा त्याच आखणीचा भाग. शिवाजी पार्क लोकांसाठी खुलं झालं १९२५ मध्ये, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराजांचं नाव दिलं गेलं. भोवतीची घरं त्यानंतर भरत गेली. आज त्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्याला कुणी पास विचारत नाही.

आणि आताचा क्रम कसा आहे? मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते, मात्र चढत गेलं आहे. १९९१ च्या नियमावलीत बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ असा निर्देशांक होता. मग जुन्या इमारतींना वेगळा, झोपडपट्टी पुनर्वसनाला वेगळा, समूह विकासाला चार, २०१२ पासून वर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल नावाचं जादा चटईक्षेत्र. आणि २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीत बेटावरच्या व्यावसायिक बांधकामाला रस्त्याच्या रुंदीप्रमाणे पाचपर्यंत. रस्त्याची रुंदी पाहिली जाते ही गोष्ट चांगली वाटते. पण ती नकाशावरची रुंदी. फुटपाथ किती, त्यातला मोकळा किती, स्टेशनाचा जिना किती माणसं पेलतो, याचा मंजुरीशी संबंध नाही. इमारतीच्या नकाशात मोटारीच्या प्रत्येक जागेचा चौकोन काढून दाखवावा लागतो. स्टेशनापासून फाटकापर्यंत चालत येणारी माणसं त्या नकाशात कुठेच नसतात.

मोटारीच्या बाबतीत आपण त्याहून पुढे गेलो. नियमाप्रमाणे लागणारी पार्किंगची जागा चटईक्षेत्रात धरली जात नाही, म्हणून इमारतीचे खालचे कितीतरी मजले गाड्यांचे झाले आणि माणसांच्या खिडक्या रस्त्यापासून उंच गेल्या. त्यावर आणखी एक तरतूद आली: विकासकाने सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला तर त्याला वाढीव चटईक्षेत्र. गिरणगावातही असे वाहनतळ झाले. म्हणजे जिथे रस्ता आधीच तुंबलेला आहे तिथे शेकडो गाड्यांना यायचं आमंत्रण, आणि ते दिल्याबद्दल वर आणखी मजले, त्या मजल्यांवर आणखी माणसं. वाहतूक सुधारण्याच्या नावाखाली हे केलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

इमारतीच्या आवारातली मोकळी जागा हाही असाच विषय. ती जमिनीवर असावी की पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर, चालेल, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रकरण दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरच्या प्रकल्पाचं. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खेळण्या-बसण्याची जागा जमिनीवरच हवी. कारण साधं आहे. जमिनीत पाणी मुरतं, झाडाचं मूळ खोल जातं, आग लागली तर बंब उभा राहतो आणि लहान मूल लिफ्टशिवाय बाहेर पडू शकतं. पुढच्या नियमावलीत मात्र अशा जागेचा ४० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा पुन्हा पोडियमवर नेण्याची मुभा मिळाली. आणि ही जागा पोडियमवर असो की जमिनीवर, ती फाटकाच्या आतच असते. समोरच्या चाळीतल्या पोराला तिचा काय उपयोग?

इथे मला एका माणसाचं नाव आदराने घ्यायचं आहे. १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नरला देशातला पहिला उड्डाणपूल झाला. तो ज्यांनी उभारला ते स्थापत्य अभियंता शिरीष पटेल नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक होते. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. म्हणणं असं की शहराची दाटी चटईक्षेत्राने मोजू नका. घरात माणशी किती जागा, बागेत माणशी किती जागा आणि रस्त्यावर माणशी किती जागा, हे मोजा. न्यूयॉर्कसारख्या शहरात इमारती उंच आहेत, तरीही तिथे रस्त्यावर माणशी जागा बरीच आहे, कारण शहराचा मोठा हिस्सा रस्त्यांना दिलेला आहे आणि घरात माणसं कमी राहतात. आपण त्यांच्या इमारतींची उंची घेतो, रस्ते मात्र आपलेच ठेवतो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात होणाऱ्या दाटीबद्दल पटेल उतारवयात न्यायालयातही गेले. २०२४ च्या अखेरीस ते गेले. त्यांचं मोजमाप मात्र कुठल्याही वॉर्ड कचेरीत उद्यापासून वापरता येईल इतकं सोपं आहे.

कारण मुंबई चालते ती पायांनी. २००८ च्या महानगर प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात असं दिसलं की लोकांच्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पूर्णपणे पायी होतात. उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा लोकलचा, मग बसचा. लोकल आणि बसच्या प्रत्येक प्रवासाच्या दोन्ही टोकांनाही चालणं आहेच. असं असताना वाहतुकीसाठी गेल्या तीस वर्षांत आपण काय बांधलं? नव्वदीच्या दशकात पन्नासच्या वर उड्डाणपूल हाती घेतले. २००९ मध्ये सागरी सेतू आला. चालणाऱ्यांसाठी २००८ मध्ये वांद्र्यापासून स्कायवॉक सुरू झाले, म्हणजे चालणाऱ्याला रस्त्यावरून उचलून वर टाकलं आणि रस्ता गाडीला दिला. गुडघे दुखणाऱ्या बाईला भाजीची पिशवी घेऊन तो जिना चढायचा नसतो, एवढंही कुणी पाहिलं नाही. आणि ज्या एका वाहनात रस्त्याची सर्वांत कमी जागा अडवून सर्वांत जास्त माणसं बसतात, त्या बेस्टच्या बसगाड्या दहा-पंधरा वर्षांपूर्वी साडेचार हजारांच्या आसपास होत्या, त्या आज तीन हजारांच्याही खाली आहेत. २०२५ मध्ये किमान तिकीट पाच रुपयांवरून दहा झालं. बस कमी झाली की माणूस दुचाकी घेतो, दुचाकी फुटपाथवर लावतो, फुटपाथ गेला की चालणारा रस्त्यावर येतो, आणि उरलेली बस त्या गर्दीत अडकते. लोअर परळला हे साखळीसारखं एकात एक अडकलेलं चित्र उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मेट्रो तीनचं मी मनापासून स्वागत करतो. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे, साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानकं, आणि वरळी-प्रभादेवीला लोकलखेरीज दुसरा आधार मिळाला आहे. पण स्थानकाच्या वरच्या तोंडाशी, जिथे सरकता जिना माणसाला रस्त्यावर सोडतो, तिथून पुढचे पाचशे मीटर कुणाचे? मेट्रोवाल्यांची हद्द संपलेली असते, पालिकेचं काम सुरू झालेलं नसतं.

याच काळात एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला रस्त्याचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला घेतला, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी. अटल सेतूवरून येणाऱ्या मोटारी त्यावरून सरळ वरळीला जातील. डिलाईल रोडचा पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्या पाच वर्षांत इथल्या शाळकरी मुलांनी आणि दुकानदारांनी काय सोसलं ते तुम्हाला माहीत आहे. एल्फिन्स्टनच्या पूर्वेला केईएम आणि टाटा रुग्णालय आहे. गावाहून आलेला रुग्ण पश्चिम रेल्वेने येतो आणि नातेवाइकाच्या खांद्यावर हात ठेवून पूर्वेला चालत जातो. त्याच्या वाटेचा विचार जोडरस्त्याच्या आधी व्हायला हवा होता.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. मग घरं कुठे बांधायची? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून मोकळ्या जागेची बाजू मांडणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. माझा विरोध उंचीला नाही, दाटीलाही नाही. दाट वस्तीतच बस भरते, दुकान चालतं, रात्री दहाला बाई निर्धास्त घरी चालत येते. गिरणगावाची जी जमीन गेली ती काही गरिबांच्या घरांसाठी गेली नाही. म्हाडाच्या वाट्याची घरं २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ निघाली आणि अर्ज करणारे कामगार आणि वारस होते लाखाच्या पुढे. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीला जायला सांगितलं जातं आहे. ज्याचं घर गिरणीपासून दहा मिनिटांवर होतं त्याच्या नातवाने वांगणीहून दीड-दोन तास लोकलला लोंबकळत परळला यावं, ही घरबांधणी झाली की वाहतुकीची नवी समस्या? फेरीवाल्यांचंही तसंच. त्यांना हाकलून फुटपाथ मोकळा होत नाही, ते चार दिवसांनी परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. २०१४ चा कायदा त्यांना जागा नेमून द्या म्हणतो. ती जागा नकाशावर फुटपाथबरोबरच काढली तर दोघंही नांदतील.

गिरण्यांची जमीन गेली, पण हिशेब अजून मिटलेला नाही. बेटावर पुन्हा मोठ्या जमिनी हलू लागल्या आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून स्वतःच्या नव्या घरात गेलेल्या त्या माणसांचा आनंद मी मनापासून जाणतो. पण तिथल्या चाळींलगतचं जांबोरी मैदान तेवढंच राहिलं आहे आणि त्यावर हक्क सांगणारी माणसं कैक पटींनी वाढणार आहेत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची १२० एकर जमीन शहराच्या उद्यानासाठी घ्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, आणि सागरी किनारा रस्त्याच्या भरावावरची जागा त्याला जोडून सुमारे तीनशे एकरांचं उद्यान करायची घोषणा आहे. हे झालं तर मी आनंदाने पहिल्या दिवशी तिथे फिरायला जाईन. पण भरावावरच्या त्या जागेत जायला आज वाहनांच्या रस्त्याखालच्या भुयारातून जावं लागतं, आणि प्रकल्पात भुयारी वाहनतळ आधीपासूनच धरलेले आहेत. उद्यान बसथांब्याला जोडायचं की वाहनतळाला, हे आत्ता ठरतं आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदराची जमीन आहे, अठराशे एकरांच्या आसपास, शिवडीपासून दक्षिणेकडे. तिचं काय करायचं यावर राणी जाधव समितीचा अहवाल २०१४ पासून पडून आहे. गिरण्यांच्या तिप्पट जमीन, आणि या बाजूच्या मुंबईकराने समुद्र जवळून पाहिलेला नाही.

या प्रत्येक ठिकाणी माझी मागणी एकच राहील. मजल्यांचा आकडा ठरवण्याआधी मैदानाची हद्द जमिनीवर खुंट्या ठोकून आखा, सलग आणि फाटकाशिवाय. मग तिथून स्टेशनापर्यंतचा चालायचा रस्ता आखा आणि त्याची मोकळी रुंदी मोजा. त्या रस्त्यावरून गर्दीच्या तासाला जेवढी माणसं सुखाने जाऊ शकतील तेवढंच चटईक्षेत्र द्या. हा हिशेब अवघड नाही. स्टेशनाच्या जिन्याची रुंदी आणि तासाला उतरणारे प्रवासी यांची मोजणी कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं दोन आठवड्यांत करून देतील. मोठ्या प्रकल्पांसाठी वाहतुकीचे अहवाल आजही लिहिले जातात, पण त्यांत मोजल्या जातात त्या गाड्या.

कुणी म्हणेल, नियम सरकार बदलतं, आपण काय करणार? २०१५ चं उदाहरण फार जुनं नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत विकास आराखड्याचा मसुदा आला. चालू शाळांवर, देवळांवर, चर्चवर रस्ते आणि चुकीची आरक्षणं टाकलेली होती, आणि स्टेशनांभोवती आठपर्यंत चटईक्षेत्र सुचवलेलं होतं. वस्त्यावस्त्यांतून लोक नकाशे घेऊन बसले, हजारो हरकती गेल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा नव्याने करायला सांगावा लागला. उलट २००१ ला गिरण्यांचा नियम बदलला तेव्हा तो बदल नेमका काय आहे हे बहुतेकांना कळलं ते लिलाव झाल्यावर.

तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचना छोटी असते, भूखंड क्रमांकांनी भरलेली असते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते. बंदराच्या, रेसकोर्सच्या आणि बीडीडीच्या बाबतीत अशा सूचना पुढे निघत राहतील. इथल्या दोन मंडळांच्या मुलांनी त्या दर महिन्याला वाचून फलकावर लावायचं कबूल केलं आहे. मी जी दक्षिण आणि एफ दक्षिण या दोन्ही वॉर्डांच्या आराखड्याच्या शीट बरोबर आणल्या आहेत, त्या मागच्या टेबलावर पसरून ठेवल्या आहेत. आरक्षणांचे रंग आणि क्रमांक कसे वाचायचे ते प्रश्नोत्तरांनंतर दाखवतो. आपापल्या गल्लीचं नाव सांगा, तिथून सुरुवात करू.